प्रोग्रॅममधून मेल जात नाहीत: वाचनालयाची स्मरणपत्रं अडकली आहेत

पुस्तककीडा

मंडळी, नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या गावी एक जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. सभासद हजाराच्या वर, त्यातले निम्मे पेन्शनर. पुस्तकांची देवघेव, वर्गणी, अनामत हे सगळं सांभाळायला जँगोमध्ये (पायथनचं वेब फ्रेमवर्क) एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिलाय, तो एका स्वस्तातल्या व्हीपीएसवर (भाड्याच्या सर्व्हरवर) चालतो. त्यातून तीन प्रकारचे मेल जायला हवेत: वर्गणीची पावती, पुस्तक परत करायची आठवण आणि पासवर्ड विसरलेल्यांना लिंक.

वाचनालयात आधी जो डेस्कटॉपवरचा प्रोग्रॅम होता तो जीमेल खात्याचा नेहमीचा पासवर्ड वापरायचा. तीच माहिती नव्या प्रोग्रॅमला दिली तर '५३५, युजरनेम अँड पासवर्ड नॉट ॲक्सेप्टेड' येतं. पासवर्ड बरोबर आहे, त्यानेच ब्राउझरमध्ये खातं उघडतं. एका मित्राने सांगितलं, जीमेल सोड, पोर्ट २५ वरून (म्हणजे सर्व्हरच्या २५ नंबरच्या दारातून) थेट पाठव. ते केलं तर एकही अक्षर उत्तर येत नाही, बऱ्याच वेळाने 'कनेक्शन टाइम्ड आउट'. होस्टिंगवाल्यांचं म्हणणं, दोष तुमच्या ॲप्लिकेशनमध्ये आहे.

दिवाळी अंक योजनेची यादी सगळ्या सभासदांना पाठवायची आहे आणि ग्रंथपाल काकू रोज विचारतायत. तर प्रश्न असा: व्हीपीएसवरच मेल सर्व्हर टाकू, की दुसऱ्या कुणाचा वापरू?

टेलनेटबाबा

दोन्ही एररचा एकमेकांशी संबंध नाही, आधी ते सुटे करा.

५३५ म्हणजे सर्व्हरपर्यंत तुम्ही पोचलात, त्याने तुमचं ऐकून घेतलं आणि ओळख पटली नाही म्हणून परत पाठवलं. गूगलने ३० मे २०२२ पासून नुसत्या खात्याच्या पासवर्डने बाहेरच्या प्रोग्रॅमला आत घेणं बंद केलं. खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, मग 'ॲप पासवर्ड' नावाचा सोळा अक्षरांचा वेगळा पासवर्ड काढता येतो. सेटिंग्जमध्ये तो टाकायचा. खात्याचा मूळ पासवर्ड बदलला की हे ॲप पासवर्ड रद्द होतात, हे काकूंना सांगून ठेवा.

टाइमआउट ही वेगळी भानगड. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं असतं तर त्या दारापर्यंत पोचलो पण आत ऐकणारं कुणी नाही, असा अर्थ निघाला असता. टाइमआउटमध्ये तुमची पाकिटं मधल्या फायरवॉलने गिळलेली असतात. बहुतेक क्लाउडवाले बाहेर जाणारा पोर्ट २५ मुळातच बंद ठेवतात. ॲमेझॉनच्या ईसीटूवर तो डीफॉल्टने बंद असतो, गूगल क्लाउडवरही. दोघांच्या कागदपत्रांत ते सरळ लिहिलेलंच आहे. तुमच्या होस्टिंगवाल्याने तेवढं सांगितलं असतं तर तुमचा वेळ वाचला असता.

आता मूळ मुद्दा. एसएमटीपीत (मेल पाठवायच्या नियमावलीत) दोन वेगळी कामं एकाच भाषेत चालतात आणि सगळा घोळ तिथे होतो. एक काम म्हणजे सर्व्हरने सर्व्हरला मेल पोचवणं. त्यासाठी पोर्ट २५, तिथे ओळखपाळख विचारत नाहीत, कारण जगातला कुठलाही सर्व्हर कुठल्याही सर्व्हरला मेल देऊ शकला पाहिजे. दुसरं काम म्हणजे तुमच्या प्रोग्रॅमने 'आपल्या' सर्व्हरकडे मेल सुपूर्त करणं. त्यासाठी पोर्ट ५८७ किंवा ४६५, आणि तिथे नाव-पासवर्डाशिवाय उभं करत नाहीत. ॲप्लिकेशनने करायचं ते हे दुसरं काम. पहिल्याच्या वाटेला जायचं नाही.

जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली आरएफसी ८२१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) लिहिला तेव्हा ही फारकत नव्हती. नेटवर्कवर मोजकी यंत्रं, कुणीही कुणाचा मेल पुढे ढकलायचा, त्यात कुणाला वावगं वाटत नसे. नव्वदच्या दशकात स्पॅमवाल्यांनी याच भलेपणाचा फायदा उठवला आणि उघडे रिले (कुणाचाही मेल पुढे ढकलणारे सर्व्हर) ही शिवी झाली. सुपूर्त करण्यासाठी ५८७ हा स्वतंत्र पोर्ट १९९८ मध्ये आला.

कोडवेडा

४६५ की ५८७ ते पण सांगा बाबा. दर प्रोजेक्टला यावरून एक दुपार जाते.

टेलनेटबाबा

४६५ वर जोडणी झाल्या क्षणापासून सगळं टीएलएसमध्ये, म्हणजे कूटबद्ध. ५८७ वर आधी साध्या भाषेत नमस्कार-चमत्कार, मग 'स्टार्टटीएलएस' म्हणायचं आणि तिथून पुढे गुप्त. ४६५ ची नोंद १९९७ मध्ये झाली, मग रद्द झाली, लोक वापरतच राहिले, आणि २०१८ च्या आरएफसी ८३१४ ने शेवटी तोच बरा म्हणून शिक्का मारला. दोन्ही चालतात.

जँगोत ४६५ ला 'ईमेल यूज एसएसएल', ५८७ ला 'ईमेल यूज टीएलएस'. नावं दिशाभूल करणारी आहेत, पण आता कोण बदलणार. दोन्ही एकदम खरं केलं तर जँगो स्वतःच ओरडतो. अदलाबदल झाली तर काय होतं ते लक्षात ठेवा, पुढच्या वेळी दुपार वाचेल:

५८७ वर थेट टीएलएस सुरू केलं तर लगेच 'राँग व्हर्जन नंबर' असा एरर येतो. कारण सर्व्हरने साध्या अक्षरांत '२२०' म्हटलेलं असतं आणि तुमची लायब्ररी त्यात टीएलएसचा आकडा शोधत बसते.

उलट, ४६५ वर स्टार्टटीएलएसच्या पद्धतीने गेलात तर एरर येत नाही, प्रोग्रॅम नुसता लटकतो. तुम्ही सर्व्हरच्या '२२०' ची वाट बघताय, सर्व्हर तुमच्या टीएलएसच्या पहिल्या पाकिटाची. पहले आप, पहले आप.

कोल्हापुरी_रूट

एवढा काथ्याकूट कशाला? होस्टिंगवाल्याकडून पोर्ट २५ उघडून घ्या, स्वतःचा पोस्टफिक्स (मेल सर्व्हरचा प्रोग्रॅम) टाका, विषय संपला. पंधरा मिनिटांचं काम आहे. दरवेळी गूगल-ॲमेझॉनच्या दारात का उभं राहायचं? आपला सर्व्हर, आपले मेल.

अनघा_क

रूटभाऊ, पोस्टफिक्स पंधरा मिनिटांत बसतो याबद्दल वाद नाही. समोरच्याने तुमचा मेल घ्यावा यासाठीची यादी मात्र लांब आहे. (माझं रोजचं काम हेच, मेल इनबॉक्समध्ये का पडत नाहीत ते शोधणं.)

आयपीला (यंत्राच्या इंटरनेटवरच्या पत्त्याला) उलटी डीएनएस नोंद हवी, म्हणजे आयपीवरून नाव आणि त्या नावावरून परत तोच आयपी निघाला पाहिजे. स्वस्त व्हीपीएसचा आयपी तुमच्या आधी कुणी काय उद्योग करायला वापरला ते तुमच्या हातात नसतं. स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेची पीबीएल नावाची यादी आहे, त्यात ज्या आयपींवरून थेट मेल येणं अपेक्षितच नाही असे पट्टेच्या पट्टे टाकलेले असतात. घरगुती ब्रॉडबँड तर जवळजवळ सगळं. मग एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, म्हणजे मेल खरंच तुमच्या डोमेनचा आहे हे पटवायच्या सोयी. आणि एवढं सगळं केल्यावरही नव्या आयपीवरून एकदम हजार मेल गेले की समोरचा सर्व्हर संशयाने '४२१, जरा हळू' म्हणणार.

वाचनालयाचं काम पुस्तकं देणं-घेणं. आयपीची अब्रू राखत बसायला त्यांच्याकडे माणूस आहे का, हा प्रश्न आहे.

कोल्हापुरी_रूट

माझे तीन क्लायंट स्वतःच्या पोस्टफिक्सवर आहेत, वर्षानुवर्षं तक्रार नाही.

अनघा_क

कारण त्यांच्याकडे तुम्ही आहात. :)

टेलनेटबाबा

तुमच्या दोघांच्या मधला एक रस्ता आहे आणि मला तोच आवडतो. पोस्टफिक्स टाका, पण त्याला फक्त लूपबॅकवर (म्हणजे त्याच यंत्रातल्या प्रोग्रॅमचं) ऐकू द्या आणि 'रिलेहोस्ट'मध्ये पुरवठादाराचा सर्व्हर ५८७ वर द्या. म्हणजे तुमचा प्रोग्रॅम यंत्रातल्या यंत्रात मेल देऊन क्षणात मोकळा. पुढे पुरवठादाराशी बोलणं, तो बंद असेल तर थोड्या वेळाने परत प्रयत्न करणं, हे पोस्टफिक्स बघतो. डीफॉल्टने तो पाच दिवस हार मानत नाही. पासवर्डही प्रोग्रॅमच्या कोडपासून लांब राहतो.

पोस्टफिक्स हे वीत्से वेनेमा यांचं आयबीएममध्ये असतानाचं काम, १९९८ साली लोकांच्या हातात आलं. त्याच्या आधी सेंडमेल या जुन्या मेल सर्व्हरची संरचना फाइल ज्यांनी हाताने लिहिलीय त्यांना विचारा हे काय सुख आहे.

पीएचपीप्रेमी

धाग्यात घुसतोय, क्षमस्व. आमच्याकडे पीएचपीचं मेल() फंक्शन आहे. ते 'ट्रू' परत देतं, लॉगमध्ये एकही एरर नाही, आणि मेल कुठेच पोचत नाही. स्पॅममध्येही नाही. ट्रू म्हणजे गेला ना?

टेलनेटबाबा

नाही. ट्रू म्हणजे यंत्रावरच्या सेंडमेल नावाच्या प्रोग्रॅमने (किंवा त्याच्या नावाने बसलेल्या पोस्टफिक्सने वा एक्झिमने) कागद हातात घेतला. पुढे त्याचं काय झालं ते त्या प्रोग्रॅमच्या लॉगमध्ये, पीएचपीच्या नाही. लिनक्सवर मेल लॉग उघडा, बहुतेक तिथे 'डिफर्ड' (नंतर पुन्हा बघू) नाहीतर 'बाउन्स्ड' (परत आला) अशी ओळ आणि कारण लिहिलेलं सापडेल. शेअर्ड होस्टिंग असेल तर ते लॉग तुम्हाला दिसतही नाहीत.

मेल() ला नाव-पासवर्ड देऊन बाहेरच्या सर्व्हरशी बोलता येत नाही. पीएचपीमेलर ही लायब्ररी वापरा. वर्डप्रेसच्या आतही तीच लायब्ररी आहे, फक्त मूळ सेटिंगमध्ये ती मेल() मार्फतच पाठवते. एसएमटीपीचं प्लगइन टाकून लोक जे करतात ते म्हणजे तिला सर्व्हरचं नाव आणि पासवर्ड देणं, दुसरं काही नाही.

पीएचपीप्रेमी

बापरे. 'डिफर्ड, कनेक्शन टाइम्ड आउट', शेकड्याने ओळी आहेत. पोर्ट २५. वाखूसा (वाचनखूण साठवली).

कोडवेडा

पण बाबा, सर्व्हर नेमकं काय बोलतो ते बघायचं कसं? लायब्ररी सगळं झाकून ठेवते.

टेलनेटबाबा

बहुतेक लायब्ररींत संभाषण छापायची सोय असते. पायथनच्या एसएमटीपीलिबमध्ये 'सेट डीबगलेव्हल' एक करा, पीएचपीमेलरमध्ये 'एसएमटीपीडीबग' दोन. पण एकदा हाताने करून बघाच. ओपनएसएसएलच्या एस-क्लायंट या कमांडने ५८७ ला स्टार्टटीएलएससह जोडा. पुढचं संभाषण साधारण असं (टाइप रोमनमध्ये करायचं, इथे वाचायला देवनागरीत):

तुम्ही: ईएचएलओ वाचनालय
सर्व्हर: २५० आणि मला काय काय येतं त्याची यादी: साइझ, ऑथ वगैरे
तुम्ही: ऑथ लॉगिन
सर्व्हर: ३३४ (नाव सांगा, हा प्रश्नही बेस६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांच्या सांकेतिक रूपात)
तुम्ही: नाव, मग पासवर्ड, दोन्ही बेस६४ मध्ये
सर्व्हर: २३५ ओळख पटली
तुम्ही: मेल फ्रॉम, पाठवणाऱ्याचा पत्ता
सर्व्हर: २५०
तुम्ही: आरसीपीटी टू, घेणाऱ्याचा पत्ता
सर्व्हर: २५०
तुम्ही: डेटा
सर्व्हर: ३५४ लिहा, संपलं की ओळीवर एकटं टिंब द्या
तुम्ही: फ्रॉम, टू, सब्जेक्ट, एक रिकामी ओळ, मजकूर, आणि टिंब
सर्व्हर: २५० रांगेत घेतलं, हा घ्या क्रमांक

एक मजेशीर खड्डा. एस-क्लायंटमध्ये ओळीच्या सुरुवातीला मोठा 'आर' आला की तो त्याला स्वतःसाठीचा हुकूम समजतो आणि टीएलएसची बोलणी नव्याने करायला जातो. आरसीपीटीची ओळ नेमकी 'आर'ने सुरू होते. लोक म्हणतात सर्व्हर बिघडला. आरसीपीटी छोट्या लिपीत टाइप करा, सर्व्हरला काही फरक पडत नाही.

उत्तराच्या आकड्यातला पहिला अंक बघायचा. दोन म्हणजे झालं, तीन म्हणजे पुढे बोला, चार म्हणजे आत्ता नाही, नंतर या, आणि पाच म्हणजे पुन्हा येऊ नका. चाराला रांगेत ठेवायचं, पाचाला सोडून द्यायचं. असंख्य प्रोग्रॅम नेमकं उलटं करतात, चाराला मेल टाकून देतात आणि पाचाला पुन्हा पुन्हा धडका मारतात.

अनघा_क

वरच्या संभाषणात एक गोष्ट दोनदा आलीय ती बघा. पाठवणाऱ्याचा पत्ता 'मेल फ्रॉम'मध्ये एकदा आणि डेटाच्या आत 'फ्रॉम:' मध्ये पुन्हा. पहिला लिफाफ्यावरचा, दुसरा आतल्या पत्रावरचा. सभासदाला दिसतो तो दुसरा. मेल परत आला तर जातो पहिल्याकडे. सर्व्हर स्वतःहून दोन्ही जुळवून बघत नाही, आणि नकली मेलांचं अख्खं दुकान याच फटीवर चालतं.

एसपीएफ तपासतो लिफाफ्यावरच्या पत्त्याचं डोमेन: या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी या आयपीला आहे का. डीकेआयएम म्हणजे पत्रावर डोमेनची सही, मधे कुणी मजकूर बदलला तर ती तुटते. डीमार्क विचारतो की या दोनांपैकी निदान एकाचं डोमेन आतल्या 'फ्रॉम'शी जुळतं का.

म्हणून, पुस्तककीडा, तुम्ही उद्या दुसऱ्या पुरवठादाराकडून मेल पाठवलेत आणि 'फ्रॉम'मध्ये वाचनालयाचा जीमेल पत्ता ठेवलात तर जुळणार नाही, कारण जीमेलच्या डोमेनची सही तुम्ही करू शकत नाही. याहूने एप्रिल २०१४ मध्ये आपल्या पत्त्यांसाठी 'जुळलं नाही तर नाकारा' असं धोरण लावलं तेव्हा कित्येक मेलिंग लिस्टा एका रात्रीत बंद पडल्यासारख्या झाल्या होत्या. वाचनालयासाठी स्वतःचं डोमेन घ्या. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

दंतकथा

हेच आमच्या दवाखान्याच्या वेबसाइटवर होत असावं. 'संपर्क करा' फॉर्म आहे. पेशंटने स्वतःचा पत्ता टाकला की तोच 'फ्रॉम' म्हणून लावलाय, म्हणजे रिप्लाय दाबला की थेट पेशंटला जावं. काही लोकांचे मेल येतात, काहींचे कधीच नाहीत. याहूवाल्यांचे तर हमखास नाहीत.

अनघा_क

बरोब्बर तेच. 'फ्रॉम'मध्ये दवाखान्याचा पत्ता, 'रिप्लाय-टू'मध्ये पेशंटचा. रिप्लाय दाबलं की पेशंटलाच जाईल. आणि फॉर्ममधून आलेलं नाव किंवा विषय जसाच्या तसा हेडरमध्ये चिकटवत असाल तर आजच थांबवा. कुणी विषयात नवी ओळ घालून खाली आणखी 'बीसीसी:' लिहून पाठवलं तर तुमचा दवाखाना स्पॅम वाटायला लागेल. जँगो असा हेडर दिसला की स्वतःच एरर देतो. हाताने लिहिलेला कोड देत नाही.

शब्दकोडे

आमच्या पतसंस्थेच्या पावत्या स्प्रिंगमधून (जावाचं फ्रेमवर्क) जातात. मजकूर मराठीत नीट दिसतो पण विषयाच्या जागी '?????? ????' असं येतं. सभासदांना वाटतं व्हायरस आहे. संस्थेचे चेअरमन म्हणतात विषय इंग्रजीत टाका. मला ते पटत नाही.

टेलनेटबाबा

पटूही नये. हेडर मुळात सात बिटांच्या अक्षरांसाठी बनले, त्यामुळे देवनागरी विषय गुंडाळून पाठवावा लागतो: आधी यूटीएफ-८, मग बेस६४, आणि मागेपुढे खुणा. तुमचा प्रोग्रॅम ते यंत्राच्या डीफॉल्ट कॅरेक्टर सेटमध्ये करतोय आणि त्या सेटमध्ये देवनागरी नाही, म्हणून प्रश्नचिन्हं. स्प्रिंगचा 'माइम मेसेज हेल्पर' बनवताना यूटीएफ-८ सांगा, सुटेल.

गुंडाळण्यात एक मर्यादाही आहे. असा एक तुकडा ७५ अक्षरांपेक्षा लांब नको. त्यातली १२ अक्षरं यूटीएफ-८ आणि बेस६४ च्या खुणांतच जातात. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना-वेलांटीसकट सुटं मोजलेलं, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि बेस६४ मध्ये चार अक्षरं. 'दिवाळी अंक योजना' एवढा विषय ७२ अक्षरांत कसाबसा एका तुकड्यात बसतो. त्याहून लांब असेल तर दोन तुकडे करायचे आणि तेही चिन्हाच्या मधोमध नाही. हाताने कापणाऱ्यांच्या विषयात शेवटी चौकोन दिसतो तो याचमुळे. लायब्ररीला करू द्या.

अवांतर: याच बेस६४ मुळे जोडलेली पीडीएफ साधारण एकतृतीयांशाने फुगते. २५ एमबीची मर्यादा ऐकून २४ ची फाइल जोडू नका.

पुस्तककीडा

सगळ्यांचे मनापासून आभार, धागा प्रिंट काढून ठेवावा असा झालाय.

ॲप पासवर्ड काढला, ५८७, पावत्या जायला लागल्या! पण आता नवीन त्रांगडं. काकू पावती 'सेव्ह' करतात तेव्हा स्क्रीनवर चक्र फिरत बसतं. कधी दोन सेकंद, कधी बराच वेळ. त्या वैतागून पुन्हा बटण दाबतात आणि सभासदाला एकाच वर्गणीच्या दोन पावत्या. एक गृहस्थ 'मी दोनदा पैसे भरले का' म्हणून काठी टेकत वाचनालयात आले.

कोडवेडा

हे माझ्या हद्दीतलं. पान उघडतानाच मेल पाठवू नका. मेल सर्व्हर अडला तर तुमचं पान अडतं, आणि जँगोत 'ईमेल टाइमआउट' डीफॉल्टने रिकामा असतो, म्हणजे तुमच्याकडून वाट बघण्याला मर्यादाच नाही. ती आधी घाला.

मग डेटाबेसमध्येच 'जायचे मेल' नावाचं टेबल करा. पावती सेव्ह होताना त्याच ट्रॅन्झॅक्शनमध्ये तिथे एक ओळ पडेल. क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) दर मिनिटाला एक कमांड चालवा, ती न गेलेल्या ओळी उचलून पाठवेल आणि गेल्याची वेळ लिहील. पावती क्रमांकावर युनिक बंधन घातलं की बटण कितीदाही दाबा, ओळ एकच. हजार सभासदांसाठी सेलरी, रेडिस वगैरे रांगेची अवजारं आणायची गरज नाही.

पाठवताना प्रत्येक मेलला नवी जोडणी करू नका. जँगोचं 'सेंड मेल' दरवेळी जोडणी, टीएलएस, ओळख हे सगळं पहिल्यापासून करतं. जोडणी एकदा उघडा आणि 'सेंड मेसेजेस'ला यादी द्या.

टेलनेटबाबा

वरच्यात भर: याने दुहेरी पावत्या जवळजवळ जातील, शंभर टक्के नाही. टिंब पाठवल्यावर आणि सर्व्हरचं २५० यायच्या आत जोडणी तुटली, तर मेल गेला की नाही हे तुम्हाला कळायचा मार्ग नाही. पुन्हा पाठवावाच लागतो आणि कधीतरी दोन जातात. हे दुखणं जुनं आहे, १९८८ चा आरएफसी १०४७ निव्वळ यावरच लिहिलेला आहे. म्हणूनच मानक म्हणतं की शेवटच्या टिंबानंतर उत्तराची दहा मिनिटं वाट बघा. तुमच्या पानाला ते परवडणार नाही, पण क्रॉनच्या कमांडला परवडतं. मधे पोस्टफिक्स ठेवलात तर उत्तर यंत्रातूनच येतं, मग तुमच्या प्रोग्रॅमपुरती ही शक्यता जवळपास उरत नाही.

पावतीवर क्रमांक मोठ्या अक्षरात छापा, म्हणजे दोन मेल आले तरी पावती एकच हे सभासदाला दिसेल.

मावशीचा_भाचा

पासवर्ड गिटमध्ये (कोडच्या साठ्यात) टाकू नका. एवढंच सांगायला लॉगिन केलं.

पुस्तककीडा

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये हलवला.

आता दिवाळी अंकांची यादी. जीमेलवरून दिवसाला ५०० ची मर्यादा आहे असं वाचलं. तीन दिवसांत विभागून पाठवू का?

अनघा_क

पाठवता येईल, पण त्याच खात्यावरून पासवर्डाच्या लिंकाही जातात ना? मर्यादा ओलांडली तर तेही बंद. व्यवहाराचे मेल आणि घोषणांचे मेल एका टोपलीत नकोत. डोमेन घेतलंत की घोषणांसाठी उपडोमेन वेगळं ठेवा, म्हणजे कुणी यादीला स्पॅम म्हटलं तरी त्याची झळ पावत्यांना कमी लागेल.

पुरवठादार बरेच आहेत. ॲमेझॉनचं एसईएस (मेल पाठवायची सेवा) हजार मेलांना दहा सेंट घेतं, मुंबईतही त्यांचा विभाग आहे. सुरुवातीला मात्र तुम्ही 'सँडबॉक्स'मध्ये असता: दिवसाला २००, आणि तेही फक्त पडताळलेल्या पत्त्यांना. बाहेर काढण्यासाठी अर्ज करावा लागतो, त्यात 'सभासदांनी स्वतः पत्ता दिलाय, परत आलेले पत्ते आम्ही असे वगळतो' हे नीट लिहा. आणि त्यांचं एसएमटीपीचं नाव-पासवर्ड वेगळं असतं, खात्याच्या ॲक्सेस की तिथे चालत नाहीत. यावर अनेक जण अडकतात आणि परत ५३५ बघत बसतात. काही व्हीपीएसवर ४६५ आणि ५८७ सुद्धा बंद असतात. तसं झालं तर पुरवठादाराचा पर्यायी पोर्ट बघा, एसईएसचा २५८७, इतर कित्येकांचा २५२५.

जर्सीतला_जोशी

आमच्या मंडळात इकडे गणपतीचं निमंत्रण अजून बीसीसीमध्ये दोन-तीनशे पत्ते टाकून जातं आणि दरवर्षी 'आम्हाला मिळालंच नाही' हा कार्यक्रमपत्रिकेचा भाग असतो. अनघाताई, ते 'अनसबस्क्राइब'चं सक्तीचं झालंय म्हणतात ते आम्हाला लागू आहे का?

अनघा_क

गूगलचे नियम फेब्रुवारी २०२४ पासून आहेत. दिवसाला ५,००० च्या वर मेल जीमेल पत्त्यांना पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही हवेत, आणि प्रचाराच्या मेलांत एका टिचकीत नाव काढायची सोय हवी. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांखाली राहिल्या पाहिजेत. मायक्रोसॉफ्टने आउटलुकच्या पत्त्यांसाठी मे २०२५ पासून तसेच नियम लावले. तुम्ही त्या आकड्याच्या आसपासही नाही, पण एसपीएफ किंवा डीकेआयएम यातलं एक तरी छोट्या पाठवणाऱ्यालाही गूगल मागतंच. आणि नाव काढायची सोय स्वतःसाठीच ठेवा. ती सापडली नाही की लोक वैतागून 'स्पॅम' दाबतात, तो दगड पुढच्या सगळ्या निमंत्रणांवर पडतो.

पुस्तककीडा

डोमेन घेतलं, एसईएसचा अर्ज मंजूर झाला. डीकेआयएम 'पास' दाखवतंय, पण चाचणीच्या मेलच्या हेडरमध्ये एसपीएफपुढे 'पर्मएरर' (कायमची चूक) लिहिलंय. डीएनएसमध्ये एसपीएफची नोंद आहे, मी दोनदा बघितली.

अनघा_क

दोनदा बघितली की दोन आहेत? डोमेन विकणाऱ्यांनी स्वतःच्या मेलसेवेसाठी एक नोंद आधीच घालून ठेवलेली असते, आपण दुसरी घालतो. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच चालते, दोन असल्या की दोन्ही बाद. दोघांचे 'इन्क्लूड' एका ओळीत एकत्र करा. सगळं मिळून डीएनएसच्या चौकश्या दहाच्या वर जाऊ देऊ नका, तिथेही हाच एरर येतो.

डीमार्क 'पी=नन'ने (म्हणजे जुळलं नाही तरी अडवू नका) सुरू करा. अहवाल येऊ द्या, काही आठवडे बघा, मग कडक करा.

पुस्तककीडा

खरंच दोन होत्या! एक काढली, आता तिन्ही पास.

पहिल्या फेरीत बरेच मेल परत आले. पंधरा-वीस वर्षांपूर्वी सभासदत्वाच्या अर्जावर लिहिलेले पत्ते आहेत, कित्येक काकूंनी अक्षर लावून टाइप केलेले. काहींना '५५०, असा युजर नाही', काहींना '५५२, मेलबॉक्स भरलाय'. सगळे काढून टाकू?

अनघा_क

५५० वाले लगेच थांबवा, पुन्हा एकदाही पाठवू नका. मृत पत्त्यांवर मारा करणं हे विकत घेतलेल्या यादीचं लक्षण मानतात. नोंद पुसू नका मात्र, सभासदाच्या पानावर 'मेल पोचत नाही' अशी खूण करा. तो माणूस पुस्तक बदलायला आला की काकू विचारतील. ५५२ वाल्यांना पुढच्या वेळी एक संधी द्या.

पुस्तककीडा

आणि एक शेवटचं. पाठवणाऱ्याचा पत्ता 'नोरिप्लाय' ठेवू का? बँकांचे तसेच असतात.

टेलनेटबाबा

बँकेला तुमच्याशी बोलायचं नसतं. वाचनालयाच्या आठवणीच्या मेलला लोक 'आजारी आहे, पुढच्या सोमवारी आणतो' असं उत्तर देणार. 'रिप्लाय-टू'मध्ये काकूंचा पत्ता घाला, आणि तो पत्ता रोज उघडला जातो ना ते आधी बघा.